चेंडू मागे पडला, तरी तो फॉरवर्ड पास कसा?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा टेक्सासमध्ये हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघातून डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या फळीतला कडेचा खेळाडू, म्हणून खेळतो. मागच्या शुक्रवारी तो क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाच्या पास फेकणाऱ्या खेळाडूपर्यंत, पोहोचला, त्याच्या फेकणाऱ्या हातावर फटका मारला, चेंडू सुटला आणि क्वार्टरबॅकच्या मागे दोन-तीन यार्डांवर पडला. जोडीदाराने तो उचलून थेट एंड झोन, म्हणजे गुण मिळवायचा मैदानाच्या टोकाचा पट्टा, गाठला. पण तोवर रेफरीची शिट्टी झाली होती आणि निर्णय होता इनकम्प्लीट पास, म्हणजे पुढे टाकलेला पण कुणी न झेललेला पास, ज्यावर खेळ तिथेच थांबतो. तुम्ही विचारताय की मागे पडलेल्या चेंडूला फॉरवर्ड पास म्हणायचं कसं, फोनवरच्या व्हिडिओत फंबल (ताब्यातून सुटलेला, कुणीही उचलावा असा चेंडू) स्पष्ट दिसत असताना तो दिला का नाही, आणि प्रशिक्षकांनी दाद का मागितली नाही.

मी टेक्सासमध्येच हायस्कूलच्या सामन्यांना रेफरी असतो, पांढऱ्या टोपीवाला, म्हणजे मैदानावरचा मुख्य पंच. तो सामना माझ्याकडे नव्हता आणि तो क्षण मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्या निर्णयाला बरोबर किंवा चूक म्हणणार नाही. मात्र चेंडू मागे पडूनही इनकम्प्लीट पास हा निर्णय नियमाला पूर्णपणे धरून असू शकतो.

प्रेक्षकांची नजर चेंडूवर असते, तो कुठे उडाला आणि कुठे पडला यावर. रेफरीला उत्तर शोधायचं असतं त्याच्या आधीच्या क्षणात: प्रतिस्पर्ध्याचा धक्का लागला तेव्हा क्वार्टरबॅकचा हात काय करत होता? नियमाचा गाभा असा की पास देण्यासाठी चेंडू धरलेल्या खेळाडूने, चेंडू पक्का ताब्यात असताना, हात जाणीवपूर्वक पुढे आणायला सुरुवात केली की फॉरवर्ड पास सुरू झाला. त्यानंतर बचाव करणाऱ्याने त्याला किंवा चेंडूला धक्का दिला आणि चेंडू हातातून सुटला, तर तो कुठेही पडो, फॉरवर्ड पासच. मागे पडला तरी, बाजूला पडला तरी, कुणाच्या हेल्मेटवर आपटून उलटा आला तरी. धक्क्यामुळे चेंडूची दिशा बदलली म्हणून आधीच सुरू झालेली कृती पुसली जात नाही.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे ती सांगतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हायस्कूल फुटबॉल राष्ट्रीय हायस्कूल महासंघाच्या नियमपुस्तकावर चालतं. टेक्सासमध्ये मात्र काही बदल करून महाविद्यालयीन म्हणजे एनसीएएचे नियम वापरतात. व्यावसायिक लीग एनएफएलचं पुस्तक तिसरंच. हात पुढे येण्याचं मूळ तत्त्व तिन्हीकडे आहे, पण बारकावे आणि रिप्लेची सोय वेगवेगळी. त्यामुळे रविवारी टीव्हीवर पाहिलेला निर्णय शुक्रवारच्या मैदानाला जसाच्या तसा लावू नका.

आता प्रत्यक्षात मी काय पाहतो ते सांगतो. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर मी त्याच्या मागे दहा-बारा यार्डांवर, उजव्या बाजूला उभा राहतो. ती जागा मुद्दाम ठरवलेली आहे, कारण तिथून फेकणारा हात आणि चेंडू यांच्यामध्ये त्याचं स्वतःचं शरीर येत नाही. चेंडू स्नॅप झाल्यावर, म्हणजे क्वार्टरबॅककडे मागे देऊन खेळ सुरू झाल्यावर, तो मागे सरकतो तसा मीही सरकतो. त्याच्या अंगावर कुणी येतंय असं जाणवलं की मी रिसीव्हर म्हणजे पास झेलणारे, लाइनवरची झटापट सगळं इतरांवर सोडतो आणि नजर चेंडू धरलेल्या हातावर रोवतो. चेंडू सुटल्यानंतर त्याच्या मागे नजर नेण्याची ओढ जबरदस्त असते. ती आवरायला शिकणं हा या कामातला सगळ्यात कठीण भाग, कारण चेंडूमागे नजर गेली की हाताची शेवटची स्थिती डोळ्यांतून निसटते आणि मग उरतो तो फक्त अंदाज.

हाताच्या बाबतीत चार अवस्था मी वेगळ्या करतो. पहिली, हात मागे जातोय किंवा कानाजवळ थांबलेला आहे. इथे चेंडू सुटला तर फंबल, प्रश्नच नाही. दुसरी, हात चेंडूसकट पुढे येतोय आणि मग धक्का लागतो. हा पास. तिसरी अवस्था सर्वात फसवी असते: धक्का आधी लागला, चेंडूची पकड सुटली, आणि हात सुरू केलेल्या हालचालीच्या जोरावर पुढे आला. हा रिकामा हात. लांबून पाहणाऱ्याला हात पुढे आलेला दिसतो, कधीकधी चेंडूही त्या हाताला लागून पुढे ढकलला जातो, आणि सगळं स्टेडियम पास समजून बसतं. पण हात पुढे निघाला तेव्हा चेंडू ताब्यात नव्हता, म्हणून ते फंबल. चेंडू पुढे गेला तरीही. तुमच्या मुलाच्या प्रसंगात घडलंय त्याच्या अगदी उलट टोक हे, आणि दोन्ही टोकांना चेंडू पडलेली जागा दिशाभूलच करते.

चौथी अवस्था म्हणजे क्वार्टरबॅकने फेकायचं सोंग केलं, विचार बदलला आणि चेंडू परत शरीराकडे आणताना तो सुटला. याच्यावरून या खेळातला सर्वात गाजलेला वाद झाला. १९ जानेवारी २००२ ला फॉक्सबरो इथे, बर्फ पडत असताना, न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि ओकलंड रेडर्स यांच्यात प्लेऑफचा सामना चालू होता. दोनेक मिनिटं उरलेली, रेडर्स १३-१० ने पुढे. चार्ल्स वुडसनने टॉम ब्रेडीला गाठलं, चेंडू सुटला, रेडर्सच्या ग्रेग बीकर्टने तो ताब्यात घेतला. मैदानावर निर्णय फंबलचा होता. रेफरी वॉल्ट कोलमन यांनी रिप्ले पाहिला आणि तो इनकम्प्लीट पास ठरवला. ब्रेडीचा हात पुढे येऊन गेला होता आणि तो चेंडू परत शरीराकडे आणत होता. एनएफएलमध्ये १९९९ पासून नियमच असा होता की हात एकदा पुढे आला की चेंडू परत शरीराशी पूर्ण आणेपर्यंत तो सुटला तरी पासच मानायचा. ॲडम विनाटिएरीने बर्फात ४५ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली आणि पेट्रियट्स जादा वेळेत १६-१३ ने जिंकले.

माझं मत विचाराल तर कोलमन यांनी त्या दिवशीच्या पुस्तकाप्रमाणे योग्य निर्णय दिला. गडबड नियमात होती, कारण फेकण्याचा विचार सोडून दिलेल्या खेळाडूला तो नियम पासचं संरक्षण देत होता. मार्च २०१३ मध्ये संघमालकांनी २९ विरुद्ध १ मताने तो रद्द केला. आता चेंडू परत आणताना सुटला तर फंबल. आमच्या टेक्सासच्या मैदानांवर हा जुना नियम कधी लागू नव्हता, पण आजही एखादे पालक स्टँडमधून त्याचा हवाला देत ओरडतात, म्हणून इतकं सविस्तर सांगितलं.

धक्का लागलाच नाही आणि चेंडू नुसताच निसटला तर? पावसाळी रात्री हे घडतंच. इथे नियम वेगळ्या वाटेने जातो आणि त्याकडे बऱ्याच जणांचं लक्ष नसतं. चेंडू कुठेही पडला तरी पासच, ही सवलत प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्यासाठी आहे. कुणी हात लावला नसताना ओल्या बोटांतून चेंडू सटकून मागे पडला, तर हात पुढे येत होता हे कारण पुरत नाही. चेंडू सुटला त्या बिंदूच्या मागे पडला म्हणजे तो फॉरवर्ड पास नव्हे, चेंडू जिवंत आणि कुणीही उचलावा. तेव्हा तुमच्या मुलाचा फटका हाताला लागला होता की क्वार्टरबॅक नुसता दचकला होता, यानेही उत्तर बदलू शकतं. तुमच्या वर्णनात फटका बसला असं आहे, म्हणून मी तेच धरून चाललोय.

दिशेबद्दल आणखी थोडं. पास पुढचा की मागचा हे चेंडू हातातून सुटलेली जागा आणि त्यानंतर तो पहिल्यांदा जमिनीला, खेळाडूला किंवा अधिकाऱ्याला लागलेली जागा यांवरून ठरतं. नेमका आडवा गेला तर तो पुढचा धरत नाहीत, म्हणजे खाली पडल्यावरही चेंडू जिवंतच. बाजूला झटकन दिलेल्या छोट्या पासवर हे माझ्या जागेवरून नीट दिसत नाही. ते काम साइडलाइनवरच्या अधिकाऱ्यांचं. मैदानावर दर पाच यार्डांना आखलेली रेघ त्यांना मोजपट्टीसारखी उपयोगी पडते. पास मागे गेला असं त्यांना दिसलं की ते हात मागच्या दिशेला ताणून इशारा करतात, आणि तो इशारा दिसला की मी शिट्टीला हात लावत नाही. बरेच प्रशिक्षक हल्ली समोरून धावत जाणाऱ्या खेळाडूच्या हातात चेंडू न देता तो त्याच्यापुढे हलकेच टोलवायला शिकवतात, ते याच हिशोबाने. टोलवलेला चेंडू हातून सुटला तर इनकम्प्लीट, पण हातात देताना सुटला तर फंबल.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग: रेफरीला खात्री नसेल तर त्याने काय करावं? एनसीएएच्या पुस्तकात याचं लेखी उत्तर आहे. फॉरवर्ड पास देण्याच्या प्रयत्नात चेंडू सुटला आणि तो पास की फंबल याची शंका असेल, तर पास धरायचा. क्रिकेटमध्ये संशयाचा फायदा फलंदाजाला देतात, तसाच हा फेकणाऱ्या संघाला दिलेला फायदा आहे. इनकम्प्लीट दिला तर चेंडू मागच्या जागी परत जातो आणि संघाचा एक डाउन, म्हणजे पुढे सरकण्याचा एक प्रयत्न, खर्ची पडतो. फंबल दिलं तर चेंडूचा ताबा जाऊ शकतो, अनेकदा त्याच धावेत सहा गुणही. इतकी मोठी किंमत अंदाजावर वसूल करायची नाही, असा मी त्या ओळीचा अर्थ लावतो. हे संरक्षण खेळात पहिल्यापासून होतं असंही नाही. १९०६ साली फॉरवर्ड पासला परवानगी मिळाली तेव्हा कुणालाही न लागता जमिनीवर पडलेला पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जायचा. संघ पास टाकायलाच कचरत. पुढे नियम हळूहळू सैल होत गेले, आणि आज आपण बघतो तो पासचा खेळ त्या सैलपणावर उभा आहे.

पण याच ठिकाणी शिट्टीचा प्रश्न येतो आणि इथे माझी स्वतःची ठाम भूमिका आहे. शंका असेल तर पास, हे निर्णयाचं तत्त्व झालं. शंका असेल तर लगेच शिट्टी, असं पुस्तकात कुठेही नाही. चेंडू जमिनीवर पडल्यावर एक श्वास थांबायचं, हाताचं चित्र मनात परत चालवायचं, बाजूच्या अधिकाऱ्याकडे एक कटाक्ष टाकायचा आणि मगच शिट्टी. इनकम्प्लीटचा निर्णय दोन सेकंदांनी दिला तर कुणाचंही नुकसान होत नाही. घाईने वाजलेली शिट्टी मात्र परत घेता येत नाही, कारण ती ऐकून खेळाडू थांबतात आणि पुढे काय झालं असतं ते कुणालाच कळत नाही.

१४ सप्टेंबर २००८ चा डेन्व्हर ब्रॉन्कोज विरुद्ध सॅन डिएगो चार्जर्स सामना याचं सर्वात ठळक उदाहरण. शेवटची मिनिटं, ब्रॉन्कोज ३८-३१ ने मागे आणि चार्जर्सच्या १ यार्ड रेषेवर. क्वार्टरबॅक जे कटलरच्या हातून चेंडू निसटला आणि चार्जर्सच्या टिम डॉबिन्सने तो घेतला. रेफरी एड होक्युली यांनी शिट्टी वाजवून इनकम्प्लीट दिला. रिप्लेत ते फंबल असल्याचं स्वच्छ दिसलं, पण शिट्टीमुळे चेंडू चार्जर्सना देण्याची सोय तेव्हाच्या नियमात नव्हती. चेंडू जिथे जमिनीला लागला त्या १० यार्ड रेषेवर ब्रॉन्कोजकडेच राहिला. त्यांनी टचडाउन (सहा गुण) केला, वर दोन गुणांचा प्रयत्नही यशस्वी केला आणि ३९-३८ ने जिंकले. होक्युली हे अत्यंत सन्मानाने पाहिले जाणारे रेफरी, आणि त्यांनी चूक उघडपणे मान्य केली. पुढच्या हंगामापासून एनएफएलने नियम बदलला. आता इनकम्प्लीट म्हणून शिट्टी झाली तरी, चेंडू लगेच आणि स्पष्टपणे कुणी ताब्यात घेतल्याचं रिप्लेत दिसलं तर ताबा त्या संघाला देता येतो. शिट्टीनंतरची धाव मात्र मोजत नाहीत.

म्हणून जिथे रिप्ले असतो तिथले अधिकारी अटीतटीच्या प्रसंगी खेळ चालू ठेवतात आणि कॅमेऱ्याला शेवटचा शब्द देतात. आमच्या नेहमीच्या शुक्रवारच्या सामन्यांना ती सोय नाही. म्हणजे थांबणं आम्हालाही तितकंच जरुरीचं, पण थांबल्यानंतर उत्तर आमच्या डोळ्यांतूनच यायला हवं, आणि तिथे शंका उरली तर पुस्तकातली ती ओळ लागू होते. तुमच्या सामन्यातल्या रेफरीने शिट्टी लगेच वाजवली की धाव अर्ध्यावर आल्यावर, हे मला माहीत नाही. त्याने हात चेंडूसकट पुढे येताना स्पष्ट पाहिला असेल तर लगेच वाजवणंही योग्यच.

तुमच्या व्हिडिओबद्दल. स्टँडमधून, तिरक्या कोनातून घेतलेल्या चित्रीकरणात हात पुढे आहे की मागे हे फार फसवं दिसतं. हा निर्णय नीट पाहायचा तर कॅमेरा क्वार्टरबॅकच्या बरोबर बाजूला, लाइन ऑफ स्क्रिमेजला, म्हणजे खेळ सुरू होतो त्या आडव्या रेषेला, समांतर असायला हवा. दुसरं म्हणजे सेकंदाला ३० चित्रं टिपणाऱ्या फोनमध्ये दोन चित्रांमधलं अंतर सुमारे ३३ मिलीसेकंद असतं. फेकणारा हात तेवढ्यात बराच पुढे येतो, आणि नेमका धक्का त्या दोन चित्रांच्या मध्ये हरवू शकतो. व्हिडिओ पुन्हा बघाल तेव्हा चेंडू विसरा. मुलाचा हात लागलेलं चित्र शोधा, त्याच्या आधीची दोन-तीन चित्रं पाहा आणि चेंडू धरलेला हात कुठून कुठे सरकतोय एवढंच तपासा.

रिसीव्हरच्या टोकालाही असाच वाद होतो, झेल पूर्ण होऊन मग सुटलं की झेलच झाला नव्हता. तो स्वतंत्र विषय आहे, म्हणून थोडक्यात: ताबा हवा, शरीराचा भाग मैदानात हवा, आणि खेळातली एखादी नेहमीची कृती करण्याइतका वेळ चेंडू हातात राहिलेला हवा. झेल आणि धडक एकाच क्षणी झाली की आम्ही सहसा इनकम्प्लीट देतो, आणि शंकेचं तत्त्व तिथेही त्याच बाजूला झुकतं.

मुलाला सांगण्यासारखं. त्याने जे केलं ते उत्तम होतं आणि पुढेही करावं. मात्र हात उंच जाऊन पुढे निघाल्यावर फटका मारला तर फार तर इनकम्प्लीट मिळेल. चेंडू मिळवायचा असेल तर हात मागे असताना किंवा चेंडू छातीजवळ असतानाच तो गाठायला हवा, म्हणजे कडेने धावताना क्वार्टरबॅकच्या शरीराकडे न जाता त्याच्या मागच्या खांद्याकडे जायचं. आणि चेंडू जमिनीवर दिसला की पास वाटो वा फंबल, शिट्टी होईपर्यंत उचलायचाच. त्याच्या जोडीदाराने ते केलं, त्याचं कौतुक करा.

प्रशिक्षकांनी दाद का मागितली नाही, याचं उत्तर असं की टाइमआउट खर्चून रेफरीशी बोलण्याची मुभा नियम चुकीचा लावल्याच्या शंकेसाठी असते, डोळ्यांनी काय पाहिलं यासाठी नाही. रेफरी म्हणाला, ‘हात पुढे येत होता,’ तर तिथे चर्चा संपते. पण तो म्हणाला असता, ‘पकड आधी सुटली होती, पण चेंडू पुढे गेला म्हणून पास दिला,’ तर तो नियम चुकीचा लावला गेला असता आणि प्रशिक्षकांनी तिथल्या तिथे टाइमआउट घ्यायला हवा होता. पुढच्या वेळी असं काही झालं तर त्यांनी रेफरीला एवढंच विचारावं: ‘धक्का लागला तेव्हा हात कुठे होता?’